कारण नसल्याबद्दल एकमत

माझ्या नवऱ्याला, म्हणजे लॉर्न पेट्रीला, गावातल्या बिजागऱ्यांच्या कारखान्यातून एका मंगळवारी सकाळी अत्यंत सन्मानपूर्वक काढून टाकण्यात आलं. सन्मान इतका, की त्याला आधी वाटलं बढतीच मिळतेय. मॅनेजर वेंडेल हॅचच्या खोलीत त्याला बोलावलं, कॉफी दिली. टोरांटोच्या मुख्य कचेरीतून आलेल्या एका बाईंनी त्याच्या कामाची तोंडभरून स्तुती केली आणि टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा हळूच त्याच्याकडे सरकवला. लॉर्नला सर्दी नव्हती. नाही म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून त्याने एक रुमाल घेतला आणि चष्मा पुसला.

मग बाईंनी पत्र वाचून दाखवलं. ‘कोणतेही कारण नसताना आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.’

“का?” लॉर्नने विचारलं.

“कारण नाही,” बाई म्हणाल्या.

“नाही, पण काहीतरी असेलच ना?”

“मिस्टर पेट्री, कारण असतं तर पत्र वेगळं असतं. कारण नाही हे तुमचं भाग्य समजा.”

आणि वेंडेल? तो खिडकीतून बाहेर लावलेल्या गाड्या बघत बसला होता. हा वेंडेल लॉर्नचा साहेब तर होताच, शिवाय दर गुरुवारी आमच्या कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या खेळात, लॉर्नच्याच संघाचा कप्तान. वीसेक हिवाळे दोघं एकाच बर्फावर घसरत होते. आमच्या मुलीच्या लग्नात त्याने भाषण केलं होतं, तेही कंटाळा येईस्तोवर. आणि त्या दिवशी त्या भाषणबहाद्दराच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही.

लॉर्न घरी आला, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला आणि बराच वेळ मिठाच्या डबीशी खेळत राहिला. माझा नवरा म्हणजे खुर्चीला पाय लागला तर खुर्चीची माफी मागणारा माणूस. तो चिडत नाही. पण त्या दिवशी त्याचे कान लाल झाले होते.

“डोरीन,” तो म्हणाला, “पैशाचं काय ते होईल. पण का काढलं ते मला कळलंच पाहिजे. मला वेंडेलला एकदा समोर उभा करून विचारायचंय. शपथेवर. ‘का रे बाबा?’ बस, एवढंच.”

“विचारू की,” मी म्हटलं. “कोर्टात उभा करू आणि विचारू.”

मी हे उगाच म्हटलं नव्हतं. माझा सगळा जन्म शाळेच्या कचेरीत गेला. पोरांच्या आजारपणाच्या चिठ्ठ्या खऱ्या की खोट्या हे मला पाकीट न उघडता कळायचं. न्यायाची मला उपजतच आवड आहे.

आमच्या वकीलबाई ओडेट लाव्हिन यांची कचेरी गालिच्यांच्या दुकानाच्या वर आहे. आम्ही गेलो तेव्हा त्या कच्च्या गाजराचे तुकडे खात होत्या. लॉर्नने सगळं सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं, फक्त ‘का रे बाबा’ तेवढं लिहिलं नाही.

“खटला म्हणजे काय असतं, कल्पना आहे?” त्यांनी विचारलं.

“साक्षीदाराचा पिंजरा, शपथ, उलटतपासणी,” मी म्हटलं.

“ते टीव्हीवर. इथे तारीख मिळेस्तोवर साक्षीदार वृद्धाश्रमात पोचतात. आपण संक्षिप्त निकाल मागू. दोन्ही बाजूंनी कागद द्यायचे, न्यायाधीशांनी ते वाचायचे आणि निकाल द्यायचा. कोणी कोणासमोर यायचं नाही, कोणाचं तोंड बघायचं नाही. फार स्वच्छ पद्धत आहे.”

“पण मला वेंडेलला विचारायचंय,” लॉर्न म्हणाला.

“काय?”

“मला का काढलं ते.”

वकीलबाईंनी गाजर खाली ठेवलं. “हे बघा, खटला कधी चालतो? दोघांत वाद असेल तेव्हा. तुमचं म्हणणं काय? कारण नसताना काढलं. कंपनीचं म्हणणं काय? कारण नसताना काढलं. मग वाद आहे कुठे? इतकं एकमत मी नवराबायकोतसुद्धा पाहिलेलं नाही.”

“अहो, पण कारण असणारच की!”

“हळू बोला!” वकीलबाईंनी दार बंद आहे ना ते पाहिलं. “पुन्हा असं कुठे बोलू नका. कारण सापडलं तर दावाच बुडेल तुमचा.”

मग त्यांनी आम्हाला कायदा समजावून दिला, आणि तो इतका तर्कशुद्ध निघाला की आम्ही दोघं नुसत्या माना डोलावत राहिलो. काढायला कोणाची ना नाही. आधी किती महिन्यांची सूचना द्यायला हवी होती, एवढाच प्रश्न. माणूस जितका म्हातारा, जितका एकाच जागी गंजलेला आणि दुसरीकडे खपायला जितका अवघड, तितकी सूचना मोठी आणि तितकी भरपाई जास्त.

“म्हणजे मी जेवढा टाकाऊ, तेवढं बरं?” लॉर्नने विचारलं.

“कागदावर,” वकीलबाई म्हणाल्या. “फक्त कागदावर. मनाला लावून घेऊ नका.”

असा आमचा न्यायाचा प्रवास सुरू झाला. प्रतिज्ञापत्रं आली. आधी कंपनीचं आलं. ते त्या मुख्य कचेरीतल्या बाईंनी नव्हे, तर त्यांच्याही वरच्या एका बाईंनी शपथेवर केलं होतं. पहिल्याच परिच्छेदात त्यांनी नमूद केलं होतं की त्या मिस्टर पेट्री यांना कधीही भेटलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांचं मत पूर्णपणे निःपक्षपाती आहे. आणि मत काय होतं म्हणता! लॉर्न पेट्री हे जन्मजात नेते आहेत. नवं तंत्र ते चुटकीसरशी आत्मसात करतात. त्यांचं व्यक्तिमत्त्व प्रसन्न व उत्साही असून असा माणूस मिळावा म्हणून देशभरातल्या कंपन्या टपून बसलेल्या असणार. सबब त्यांना नवी नोकरी पंधरवड्यात मिळायला हरकत नव्हती.

मी ते दोनदा वाचलं. पलीकडे जन्मजात नेते सोफ्यावर झोपले होते, तोंड उघडं होतं आणि छातीवर टीव्हीचा रिमोट होता.

“लॉर्न,” मी त्याला हलवून म्हटलं, “एवढ्या चांगल्या माणसाला यांनी काढलं तरी का रे?”

“तेच तर विचारतोय मी!”

उत्तरादाखल आमचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. वकीलबाई म्हणाल्या, वादीच्या असमर्थतेबद्दल त्याच्या निकटच्या व्यक्तीने लिहिलं तर वजन पडतं. निकटची व्यक्ती मीच. खोटं कशाला बोलू, मला तयारी करावीच लागली नाही. इतकी वर्षं साठवून ठेवलेलं सगळं जागच्या जागी होतं. तळघराच्या जिन्याची पायरी दुरुस्त करायला त्याने किती हिवाळे लावले. नवा फोन घेतल्यावर आठवडाभर तो उलटा धरून कसा बोलला. पाहुण्यांसमोर तो हवामानाखेरीज कशावरही बोलू शकत नाही. एकदा बोट पाण्यात सोडायला गेला आणि बोटीऐवजी गाडी सोडून आला. लिहिता लिहिता मला इतकं हलकं वाटायला लागलं की मी मध्ये उठून केक भाजायला ठेवला आणि परत येऊन बसले.

लॉर्नने ते वाचलं. “हे सगळं शपथेवर?” त्याने विचारलं.

“अरे, तुझ्याच भल्यासाठी.”

“ते कळलं गं. पण पुरवणी कशाला जोडलीस?”

वकीलबाई मात्र खूश झाल्या. त्या म्हणाल्या, इतकं मनापासून लिहिलेलं प्रतिज्ञापत्र त्यांच्या हातात क्वचितच येतं.

पुढची पायरी म्हणजे नोकरी शोधणं. वादीने नोकरी मनापासून शोधली पाहिजे, असा कायदा आहे. आणि आपलं भलं व्हायचं तर ती मिळता कामा नये, असा व्यवहार आहे. लॉर्नने बोटींच्या दुकानात अर्ज केला, लाकडाच्या वखारीत केला, दात बसवणाऱ्याकडे व्यवस्थापक म्हणून केला. नकार आला की वकीलबाईंचा फोन यायचा, “अभिनंदन!” पण गावातल्या स्केटिंगच्या रिंकवाल्यांनी घात केला. बर्फ गुळगुळीत करणारं ते मोठं यंत्र असतं ना, ते चालवायला त्यांना माणूस हवा होता. त्यांनी लॉर्नला थेट विचारलं. आता आमच्या देशात असा एकही पुरुष नाही, ज्याने वयाच्या सहाव्या वर्षी त्या यंत्रावर बसायचं स्वप्न पाहिलेलं नाही. लॉर्नचा चेहरा काय खुलला!

“मुळीच नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “घेतलीत तर तुमचं नुकसान कमी होतं. नुकसान कमी झालेलं आपल्याला परवडणार नाही. आणि ते काम तुमच्या दर्जाचंही नाही.”

“मला आवडेल पण ते,” लॉर्न म्हणाला.

“आवडेल असं कोणासमोर बोलूसुद्धा नका.”

त्याने नकार कळवला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला. मी केक नेऊन दिला, तर त्याने तोही खाल्ला नाही. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण दावा आता नीट मार्गी लागला होता, आणि नीट चाललेल्या गोष्टीत नाक खुपसायचं नाही असं माझं तत्त्व आहे.

या सगळ्यात गुरुवार मात्र दर आठवड्याला येतच होता. संघाची नावनोंदणी आधीच झालेली. संघ सोडायचा तर दुसरा माणूस देऊन सोडायचा, असा क्लबचा नियम, आणि तो कोर्टापेक्षा कडक आहे. तेव्हा वादी आणि साहेब एकाच संघात, एकाच रंगाचं जाकीट घालून खेळत राहिले. पलीकडच्या टोकाला उभं राहून वेंडेलने दिशा दाखवायची, खेळाडूने बर्फावरून दगड सोडायचा, आणि लॉर्नने दगडाच्या पुढे धावत झाडूने बर्फ घासायचा. दगड मंदावला की कप्तानाने “घास! घास, लॉर्न! जोरात!” असं ओरडायचं. खेळच तसा आहे.

पहिल्याच आठवड्यानंतर कंपनीचे वकील स्प्रूल यांचं पत्र आलं. वादी अत्यंत चपळाईने बर्फ घासताना आढळले असून ते कोणत्याही नोकरीस शारीरिकदृष्ट्या पात्र आहेत. ओडेटबाईंनी उलट टपाली कळवलं की मिस्टर हॅच यांनी वादीला सार्वजनिक ठिकाणी ‘जोरात’ असा आदेश दिला. यावरून कंपनी वादीला अजूनही आपला नोकर समजते असं दिसतं. पत्रांवर पत्रं गेली. शेवटी दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरलं की खटला संपेपर्यंत मिस्टर हॅच ओरडणार नाहीत, फक्त हात वर करतील, आणि वादी मध्यम गतीने घासतील.

त्या हिवाळ्यात आमचा संघ सगळ्यात खाली गेला.

सामना संपला की दोन्ही संघांनी एका टेबलाशी बसायचं आणि जिंकलेल्यांनी हरलेल्यांना बिअर पाजायची, ही आमच्याकडची रीत. आमच्या संघाला तेव्हा फुकट बिअर भरपूर मिळाली. लॉर्न आणि वेंडेल समोरासमोर बसायचे. खटल्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, असं दोघांच्याही वकिलांनी लिहून दिलेलं. मग दोघं शेंगदाण्यांकडे बघत बसायचे. एकदा वेंडेल हळूच म्हणाला, “सॉरी रे, लॉर्न.” मी घाईघाईने वकीलबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, उपयोग नाही. आमच्या प्रांतात सॉरी म्हणणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे असा खास कायदाच आहे, नाहीतर इथे एकही माणूस निर्दोष राहिला नसता.

दुसऱ्या एका गुरुवारी लॉर्नला राहवलं नाही. त्याने ग्लास खाली ठेवला. “वेंडेल, एक सांग. मला तू का...”

अख्खं टेबल खोकायला लागलं. मी टेबलाखालून लॉर्नच्या नडगीवर अशी लाथ हाणली की तो पुढचे दोन सामने लंगडत होता. वेंडेलने तोंड उघडलं होतं, ते त्याने शेंगदाण्यांनी भरून टाकलं. लंगडण्याचा मात्र दाव्याला फायदा झाला.

मग उलटतपासणी झाली. मी नवा कोट घातला. पण संक्षिप्त पद्धतीत उलटतपासणी न्यायाधीशासमोर नसते. ती भाड्याच्या खोलीत होते, आणि फक्त ज्याने प्रतिज्ञापत्र केलं त्याचीच होते. वेंडेलने एकही कागद शपथेवर केला नव्हता, तेव्हा त्याला काही विचारण्याचा प्रश्नच आला नाही. लॉर्नने मात्र स्वतःचंही एक प्रतिज्ञापत्र केलं होतं, तेव्हा त्याला पिळून काढला.

“मिस्टर पेट्री,” स्प्रूलसाहेब म्हणाले, “तुम्ही अतिशय हुशार माणूस आहात, हे खरं की नाही?”

“नाही हो,” लॉर्न म्हणाला.

“तुमच्या हाताखालचे लोक तुमच्यावर जीव टाकायचे.”

“ते त्यांचा स्वभाव चांगला म्हणून.”

“तुम्ही आत्ताच्या आत्ता एखादी कंपनी चालवू शकाल, असं मी म्हटलं तर?”

“मला घरचा हीटर चालवता येत नाही, साहेब. बायकोला विचारा.”

स्प्रूलसाहेबांना घाम फुटला. खोडून काढावं असं एकही वाक्य सापडेना. आमच्याकडचा माणूस स्वतःची स्तुती ऐकून घेत नाही. त्याला शपथेवर बसवलं तर तो आणखीच लाजतो. शेवटी ते हात जोडायचेच बाकी राहिले. “अहो, स्वतःबद्दल एक तरी चांगली गोष्ट कबूल करा!”

लॉर्नने विचार केला. “मी इथे वेळेवर आलो,” तो म्हणाला. आणि मग पटकन, “मला एक विचारायचं होतं. मला काढलं तरी का?”

“प्रश्न आम्ही विचारतो, मिस्टर पेट्री,” स्प्रूल म्हणाले. ओडेटबाईंनी लॉर्नची बाही ओढली. या एका मुद्द्यावरही दोन्ही वकिलांचं एकमत होतं.

ही झटपट पद्धत दुसऱ्या हिवाळ्यात पोचली तेव्हा सुनावणीची तारीख आली. सुनावणी संगणकावर. लॉर्नने सूट घातला, मी त्याचा भांग पाडला. पडद्यावर न्यायाधीशबाई, दोन वकील आणि कोपऱ्यात आम्ही, टपाल तिकिटाएवढे. आमचा आवाज कोर्टानेच बंद ठेवला होता. वकील आळीपाळीने बोलले. स्प्रूलसाहेबांनी लॉर्नची इतकी भरघोस स्तुती केली की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ओडेटबाईंनी त्याच्या नालायकीवर इतकं कळवळून भाषण केलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी लॉर्न उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

“वादींना काही अडचण आहे का?” न्यायाधीशबाईंनी मायेने विचारलं.

लॉर्न बोलला. चांगला बोलला. वीस वर्षांची मैत्री, तो मंगळवार, खिडकीतून बाहेर बघणारा वेंडेल, सगळं त्याने सांगितलं. माझ्या नवऱ्याला हवामान सोडून इतकं बोलताना मी लग्नानंतर प्रथमच ऐकलं. आवाज बंदच होता. पडद्यावर एक छोटासा माणूस तोंड हलवत होता, आणि न्यायाधीशबाई माणुसकी म्हणून त्याचं होईपर्यंत थांबल्या.

“धन्यवाद, मिस्टर पेट्री,” त्या म्हणाल्या. “तुमची बाजू कागदपत्रांत उत्तम मांडली आहे. ती ऐकण्याची मला गरज वाटत नाही.”

निकाल आला. आम्ही जिंकलो! ओडेटबाईंनी गाजर बाजूला ठेवून शॅम्पेन फोडली. निकालपत्र फार सुंदर भाषेत होतं. ‘वादी हे मर्यादित कुवतीचे सद्गृहस्थ असून त्यांना पुन्हा कोणी कामावर ठेवील अशी शक्यता अत्यल्प आहे. याबाबत त्यांच्या पत्नीचे प्रतिज्ञापत्र, विशेषतः त्याची पुरवणी, कमालीचे खात्री पटवणारे आहे.’ माझा उल्लेख निकालपत्रात! मी ते वाक्य बहिणीला फोनवर वाचून दाखवलं.

लॉर्न एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचत होता. ‘वादीला कामावरून का काढले, हा प्रश्न या प्रकरणात उपस्थितच होत नाही.’

“उपस्थित होत नाही म्हणजे काय?” त्याने विचारलं. “मी होतो ना उपस्थित.”

“जिंकलास ना? मग झालं तर,” मी म्हटलं.

कसलं झालं! जिंकूनही त्याचं जेवण कमी झालं. आणि तोवर गावाने वेंडेलचा निकाल लावून टाकला होता. बेकरीत त्याच्याशी कोणी बोलेना. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कोणी बसेना. क्लबाने त्याचं कप्तानपद काढून घेतलं. तसं करायला काही कारण नव्हतं, पण सगळ्यांचं एकमत होतं. मी स्वतः दुकानात त्याला बघून ढकलगाडी वळवायचे. वीस वर्षांच्या मित्राला खिडकीतून बाहेर बघत काढतो, त्याच्याशी काय बोलायचं? वेंडेल कसा माणूस आहे, हे मला त्या मंगळवारीच कळलं होतं.

मार्च संपत आला असताना एका शनिवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. लॉर्न तळघरात होता, जिन्याची ती पायरी ठोकत होता. मी दार उघडलं तर वेंडेल. टोपी हातात, बुटांना चिखल. मागे त्याची गाडी टपापर्यंत सामानाने भरलेली. मुलीकडे दूर सस्कॅचवान प्रांतात निघाला होता, कायमचा. घर विकलं म्हणे.

“डोरीन, लॉर्न आहे का गं?”

“कामात आहे.”

“दोनच मिनिटं. निघायच्या आधी त्याला सांगून जावं म्हटलं. इतके दिवस वकिलांनी बोलू दिलं नाही. त्याला काढलं ना, त्याचं कारण...”

“वेंडेल,” मी म्हटलं, “आता कशाला उगाच? झालं ते झालं. निकाल लागलाय.”

“ते माहीत आहे गं, पण त्याला वाटतं तसं नाहीये ते. म्हणजे मीच तर त्याला...”

“आम्हाला काय वाटायचं ते आमचं आम्ही बघू. रस्ता लांबचा आहे, जप.” आणि मी दार लावून घेतलं. नीट लावलं, आपटलं नाही. आमच्याकडे दार आपटत नाहीत.

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दोन वर्षांचा राग एका क्षणात उतरला. खालची ठोकाठोक थांबली आणि लॉर्न हातोडी घेऊन वर आला.

“कोण होतं गं?”

“वेंडेल. घालवून दिला.”

“काय म्हणत होता?”

“त्याला काढलं ना, त्याचं कारण, असं म्हणाला.”

“मग? पुढे?”

“पुढे मी दार लावलं.”

लॉर्न तसाच मोज्यांवर बाहेर अंगणात धावला. गाडी कोपऱ्यावरून वळून गेली होती. तो बराच वेळ चिखलात उभा राहिला. मी म्हटलं, अरे, फोन कर. तर म्हणाला, “तू त्याच्या तोंडावर दार लावलंस, आता मी कोणत्या तोंडाने फोन करू?” आणि मग आत येऊन, मोजे काढून, त्याने माझी माफी मागितली, लादी खराब केली म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, बाई, दोन मिनिटं ऐकून घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं? वा! हे आत्ता सुचतंय का? मी दार लावलं तेव्हा ‘बरी जिरवली’ असं मनात कोण म्हणालं? वेंडेलचं एक धड वाक्य तुम्ही ऐकलेलं नाही. लॉर्नचंही म्हणणं तुम्हाला कळलं ते माझ्याच तोंडून. तरी वेंडेल पहिल्यांदा खिडकीतून बाहेर बघायला लागला तेव्हाच तुम्ही त्याचा निकाल लावून मोकळे झाला होतात.

नाही म्हणताय? तुमचं काही वेगळं म्हणणं आहे?

राहू द्या. ते ऐकण्याची मला गरज वाटत नाही.